आरोग्य-संकट आणि लोकप्रतिनिधींचे अग्रक्रम : स्त्री-पुरुषभेदाच्या प्रश्नाची एक चिकित्सा

इ. स. २०२० च्या मार्च-एप्रिल महिन्यांत कोविडची महासाथ जगभर पसरत असताना वृत्तपत्रांतून एक विधान वारंवार वाचावयास मिळू लागले. ज्या देशांची सूत्रे स्त्रियांच्या हाती आहेत ते देश या संकटास अधिक समर्थपणे तोंड देत आहेत, असे ते विधान होते. न्यूझीलंडच्या जसिंडा आर्डर्न, तैवानच्या त्साई इंग-वेन, जर्मनीच्या अंगेला मेर्केल, नॉर्वेच्या एर्ना सोल्बर्ग ही नावे त्याच्या पुष्ट्यर्थ दिली जात. विधान आकर्षक होते आणि स्त्रियांच्या राजकीय प्रतिनिधित्वाचे समर्थन करणाऱ्यांना ते साहजिकच आवडले. परंतु जे आपल्याला आवडते त्याचीच परीक्षा अधिक कसोशीने करावी लागते, हा अभ्यासकाचा धर्म होय. प्रस्तुत लेखात ही परीक्षा करण्याचा प्रयत्न केला आहे. स्त्री आणि पुरुष लोकप्रतिनिधींच्या धोरणविषयक अग्रक्रमांत खरोखर भेद असतो काय, असल्यास तो कोठे दिसतो, आणि सार्वजनिक आरोग्याच्या संकटकाळी तो ओळखावयाचा कसा, एवढाच या विवेचनाचा विषय आहे.

१. एका प्रश्नात दडलेले तीन प्रश्न

‘स्त्रिया राज्यकारभार वेगळ्या रीतीने करतात काय?’ हा प्रश्न वरकरणी एकच दिसतो. वस्तुतः त्यात तीन निरनिराळे प्रश्न गुंतलेले आहेत. पहिला प्रश्न नागरिकांचा : सामान्य स्त्रिया आणि सामान्य पुरुष यांची सार्वजनिक प्रश्नांविषयीची मते भिन्न असतात काय? दुसरा प्रश्न प्रतिनिधींचा : निवडून आलेल्या स्त्रिया आणि निवडून आलेले पुरुष भिन्न गोष्टींना प्राधान्य देतात काय? तिसरा प्रश्न परिणामांचा : या प्राधान्यभेदामुळे लोकांच्या जीवनमरणात काही अंतर पडते काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर कोविडपुरते तरी बऱ्यापैकी स्पष्ट आहे. २०२० मध्ये आठ देशांतील एकवीस हजारांहून अधिक नागरिकांच्या पाहणीवर आधारलेला एक अभ्यास विन्चेन्झो गालासो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. त्यात असे दिसून आले की, ही साथ म्हणजे आरोग्यावरील गंभीर संकट आहे असे मानण्याकडे, निर्बंधांना संमती देण्याकडे आणि ते पाळण्याकडे स्त्रियांचा कल पुरुषांपेक्षा अधिक होता. परंतु या उत्तरावरून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपोआप निघत नाही. निवडणुकीच्या राजकारणातून वर आलेली स्त्री ही सामान्य स्त्रियांचा सरासरी नमुना नसते. पक्ष, निवडणूक, प्रतिस्पर्धा यांच्या चाळणीतून ती आलेली असते, आणि त्या चाळणीची छिद्रे पुष्कळदा पुरुषांच्याच मापाने पाडलेली असतात. हॅना पिट्किन यांनी १९६७ साली प्रतिनिधित्वाच्या संकल्पनेची जी मीमांसा केली तीत सादृश्यावर आधारलेले प्रतिनिधित्व आणि हितरक्षणावर आधारलेले प्रतिनिधित्व यांत भेद केला आहे. प्रतिनिधी आपल्यासारखा असणे ही एक गोष्ट. त्याने आपल्यासाठी काही करणे ही दुसरी. पहिलीतून दुसरी निष्पन्न होते की नाही, हे सिद्ध करावे लागते. ते गृहीत धरून चालत नाही.

२. देशादेशांच्या तुलनेतील अडचण

२०२० सालच्या त्या लोकप्रिय विधानाने तिसऱ्या प्रश्नावर थेट उडी घेतली होती. देशांच्या तुलनेवरून त्याचे उत्तर मिळते काय, हे प्रथम पाहू.

सुप्रिया गरिकिपाटी आणि उमा कंभंपाटी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९४ देशांची आकडेवारी तपासली. त्यांपैकी केवळ १९ देशांचे नेतृत्व त्या काळी स्त्रियांकडे होते. दरडोई उत्पन्न, लोकसंख्या, लोकवस्तीची दाटी, वृद्धांचे प्रमाण अशा बाबतींत मिळतीजुळती असणारी राष्ट्रे एकमेकांशेजारी ठेवून त्यांनी तुलना केली. साथीच्या आरंभीच्या काळात स्त्री-नेतृत्वाखालील देशांत मृत्यू कमी झाले, आणि टाळेबंदी पुकारली गेली तेव्हा तेथील मृत्यूंची संख्या अल्प होती, असे त्यांना आढळले. या नेत्यांनी माणसांच्या प्राणांचा धोका पत्करण्याचे टाळले आणि अर्थव्यवस्थेचा धोका मात्र पत्करला, असा अर्थ त्यांनी यातून काढला.

उलट पक्षी, लीआ विंडसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच वर्षी केलेल्या दुसऱ्या तुलनेत स्त्री-नेतृत्व आणि अल्प मृत्युप्रमाण यांतील संबंध संख्याशास्त्रदृष्ट्या निर्णायक ठरला नाही. ज्या समाजाची मूल्ये स्त्रीला सर्वोच्च पदावर निवडून देण्याइतकी बदललेली असतात, त्या समाजात इतरही पुष्कळ गोष्टी वेगळ्या असतात, याकडे त्यांनी लक्ष वेधले. जेनिफर पिस्कोपो यांनी तर या सहसंबंधास आभासी म्हटले. शासनयंत्रणा सक्षम असली म्हणजे साथही आटोक्यात येते आणि स्त्रियांनाही वर येण्यास वाव मिळतो. एकाच कारणाची दोन कार्ये शेजारी उभी राहिली, म्हणून त्यांतील एक दुसऱ्याचे कारण ठरत नाही.

उदाहरणांच्या निवडीतही दोष होता. त्याच काळात बेल्जियमच्या पंतप्रधानपदी सोफी विल्मेस होत्या, आणि २०२० च्या वसंतात लोकसंख्येच्या प्रमाणात सर्वाधिक मृत्यू नोंदविणाऱ्या देशांत बेल्जियमची गणना होत होती. त्यातही वृद्धाश्रमांतील संशयित मृत्यू मोजण्याची बेल्जियमची पद्धत इतर देशांहून अधिक व्यापक होती, हे ध्यानात घेतले पाहिजे. दुसरीकडे व्हिएतनामचे नेतृत्व पुरुषांकडे असून तेथे त्या वर्षी मृत्यू अत्यल्प झाले. तैवानच्या यशात २००३ सालच्या सार्स साथीच्या अनुभवाचा वाटा मोठा होता. त्या वेळी आरोग्यखाते सांभाळलेले आणि स्वतः साथरोगशास्त्रज्ञ असलेले चेन चिएन-जेन हे २०२० च्या आरंभी तेथे उपराष्ट्राध्यक्ष होते. एकोणीस देशांच्या नमुन्यात अशी चारदोन उदाहरणे इकडची तिकडे झाली तरी निष्कर्षाचा तोल ढळतो. तात्पर्य, देशांची तुलना या प्रश्नाचे दार ठोठावू शकते. ते उघडू शकत नाही.

३. सोडतीने घडलेला प्रयोग : बीरभूम आणि उदयपूर

मग दार उघडावयाचे कसे? ज्या ठिकाणी स्त्रीचे पदावर येणे हे त्या समाजाच्या पुरोगामीपणावर अवलंबून नसून निव्वळ योगायोगाने ठरले असेल, अशी ठिकाणे शोधावी लागतील. सुदैवाने अशी ठिकाणे आपल्याच देशात निर्माण झाली. १९९२ साली संमत होऊन १९९३ पासून अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींतील एक-तृतीयांश जागा व अध्यक्षपदे स्त्रियांसाठी राखून ठेवली, आणि कोणत्या निवडणुकीत कोणत्या गावाचे पद राखीव असावे हे आळीपाळीने, गावाच्या गुणदोषांशी संबंध नसलेल्या क्रमाने ठरू लागले. धोरण म्हणून केलेली ही व्यवस्था संशोधकाच्या दृष्टीने एक विशाल प्रयोगच ठरली.

राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्तेर द्युफ्लो यांनी पश्चिम बंगालमधील बीरभूम आणि राजस्थानातील उदयपूर या दोन जिल्ह्यांतील एकूण २६५ पंचायतींचा अभ्यास करून २००४ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी प्रथम गावकऱ्यांच्या तक्रारी व मागण्या पाहिल्या. दोन्ही जिल्ह्यांत स्त्रिया पिण्याच्या पाण्याविषयी पुरुषांपेक्षा अधिक बोलत होत्या; पाणी आणण्याचे काम त्यांच्याच वाट्याला आलेले होते. आणि दोन्ही जिल्ह्यांत, जेथे प्रमुखपद स्त्रीसाठी राखीव होते तेथे पिण्याच्या पाण्यावर अधिक खर्च झालेला आढळला.

एवढ्यावरून कोणी म्हणेल की, पाणी हा स्त्रीचा जन्मजात विषय आहे. परंतु याच अभ्यासातील दुसरी बाब या समजुतीला छेद देते, आणि तीच अधिक उद्बोधक आहे. बीरभूममध्ये रस्त्यांची मागणी स्त्रियांकडून अधिक होत असे, कारण रस्त्यांच्या बांधकामावर मजुरी करण्यास त्या जात. तेथे स्त्री-प्रमुखांनी रस्त्यांवर अधिक खर्च केला. उदयपूरमध्ये कामाच्या शोधात बाहेरगावी पुरुष जात, म्हणून रस्त्यांची मागणी पुरुषांची होती. तेथे स्त्री-प्रमुखांनी रस्त्यांवर कमी खर्च केला. रस्ता तोच, पद तेच, पदाधिकारीही स्त्रीच. पण अग्रक्रम परस्परविरुद्ध. म्हणजे भेदाचे मूळ स्वभावात नसून श्रमविभागणीत आहे. समाजाने जी कामे, जे कष्ट आणि ज्या चिंता स्त्रीच्या पदरात टाकलेल्या असतात, त्याच तिच्याबरोबर पंचायतीच्या कचेरीत प्रवेश करतात.

आरोग्याच्या बाबतीतही याला दुजोरा मिळतो. भारतातील राज्यांच्या विधानसभांविषयीच्या अभ्यासात सोनिया भालोत्रा व इर्मा क्लोत्स-फिगेरास यांना असे आढळले की, स्त्री-सदस्यांचे प्रमाण वाढले असता नवजात अर्भकांचे मृत्युप्रमाण घटते. महाराष्ट्रात सांगली जिल्ह्यातील गावांची जी पाहणी धनमंजिरी साठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केली, तीतही स्त्री-सरपंच असलेल्या गावांत मूलभूत सार्वजनिक सेवांची उपलब्धता अधिक आढळली.

तथापि चित्राची दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. दक्षिण भारतातील गावांचा अभ्यास करणारे राडू बान आणि विजयेंद्र राव यांना स्त्री व पुरुष प्रमुखांच्या कारभारात तसा लक्षणीय भेद आढळला नाही. ज्या गावांत उच्चवर्णीय जमीनदारांचे वर्चस्व कमी होते, तेथे मात्र स्त्रियांचा कारभार उजवा ठरला. अग्रक्रम मनात असणे आणि तो अमलात आणण्याइतकी सत्ता हाती असणे, या दोन गोष्टी भिन्न आहेत, हा या निष्कर्षाचा अर्थ होय.

४. उत्तरदायित्वाची कसोटी : १९२१ चा एक कायदा

श्रमविभागणीतून अग्रक्रम जन्मतो, असे म्हटले की एक शंका उपस्थित होते. मग पुरुष प्रतिनिधी स्त्रियांच्या अग्रक्रमांची दखल कधीच घेत नाहीत काय? या शंकेचे उत्तर अमेरिकेच्या इतिहासात मिळते, आणि ते आरोग्याच्या एका मोठ्या परंतु संथ संकटाशी निगडित आहे.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेत जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी सुमारे शंभर बालके वर्षाच्या आत दगावत. १९१२ साली स्थापन झालेल्या संघराज्याच्या बालक विभागाने, ज्यूलिया लॅथ्रॉप यांच्या नेतृत्वाखाली, पेन्सिल्व्हेनियातील जॉन्सटाउन येथून आरंभ करून या मृत्यूंची पद्धतशीर पाहणी केली आणि बालमृत्यूचा संबंध दारिद्र्याशी व अस्वच्छतेशी आहे, हे दाखवून दिले. जॅनेट रॅंकिन या काँग्रेसमधील पहिल्या स्त्री-सदस्या. त्यांनी १९१८ मध्ये माता व अर्भके यांच्या संरक्षणासाठी विधेयक मांडले. परंतु ते पुढे सरकले नाही. १९२० मध्ये राष्ट्रभर स्त्रियांना मताधिकार मिळाला, आणि १९२१ च्या नोव्हेंबरमध्ये त्याच आशयाचा शेपर्ड-टाउनर कायदा मोठ्या बहुमताने संमत झाला. त्याने राज्यांना मातांच्या व अर्भकांच्या आरोग्यासाठी संघराज्याचा निधी मिळू लागला.

हा कायदा संमत झाला तेव्हा काँग्रेसमध्ये स्त्री-सदस्य कितीजणी होत्या? केवळ एक : ओक्लाहोमाच्या अॅलिस रॉबर्टसन. त्या स्त्रियांच्या मताधिकाराच्याच विरोधक होत्या, आणि या कायद्यासही त्यांनी विरोध केला. कायदा केला तो पुरुषांनी. स्त्रियांची नवी मते कोणत्या बाजूस पडतील या धास्तीने केला. पुढे स्त्रिया एकगठ्ठा मतदान करीत नाहीत हे राजकारण्यांच्या ध्यानात आले, वैद्यकीय व्यावसायिकांच्या संघटनेचा विरोधही तीव्र झाला, आणि १९२९ साली त्या कायद्याची मुदत संपू देण्यात आली.

ग्रँट मिलर यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या घटनेचा व्यापक संदर्भ दिला आहे. निरनिराळ्या राज्यांनी निरनिराळ्या वर्षी स्त्रियांना मताधिकार दिला होता : कॉलोराडोने १८९३ मध्ये, कॅलिफोर्नियाने १९११ मध्ये, न्यूयॉर्कने १९१७ मध्ये. या कालभेदाचा उपयोग करून त्यांनी दाखविले की, मताधिकारानंतर लगेच स्थानिक आरोग्यखर्चात सुमारे एक-तृतीयांश वाढ झाली आणि बालमृत्यूंत आठ ते पंधरा टक्के घट झाली. ही घट मुख्यतः अतिसार, घटसर्प यांसारख्या, स्वच्छतेने रोखता येणाऱ्या रोगांमुळे होणाऱ्या मृत्यूंत होती.

रॅंकिन आणि रॉबर्टसन या दोन नावांत या विषयाचे सारे मर्म आहे. प्रतिनिधी स्त्री आहे की पुरुष, हा प्रश्न महत्त्वाचा खरा. पण प्रतिनिधी कोणाला उत्तरदायी आहे, हा त्याच्याइतकाच, किंबहुना काही वेळा अधिक महत्त्वाचा असतो. बीरभूमची स्त्री-प्रमुख रस्ते बांधते, कारण तेथील स्त्रिया तिच्यापर्यंत पोहोचू शकतात. १९२१ चा पुरुष सदस्य अर्भकांसाठी मत देतो, कारण पुढील निवडणुकीत माता त्याच्यापर्यंत पोहोचणार असतात.

५. तातडी आणि विवेकाधिकार

आता आपण मूळ प्रश्नाकडे, म्हणजे तीव्र आरोग्य-संकटाकडे येऊ. वर दिलेली उदाहरणे संथ संकटांची आहेत : पाणी, अर्भकमृत्यू, घटसर्प. तेथे अग्रक्रम ठरविण्यास अवसर असतो. साथ उसळली म्हणजे हा अवसर आकुंचित होतो. रुग्णालयांतील खाटा भरू लागल्या की पक्ष, विचारसरणी, स्त्री-पुरुषभेद सारे बाजूस राहून सर्व शासने जवळजवळ सारखेच निर्णय घेऊ लागतात. शेजारच्या देशाने शाळा बंद केल्या म्हणून आपणही बंद करतो. ज्या निर्णयात पर्यायच उरला नाही त्या निर्णयावरून निर्णय घेणाऱ्याचा अग्रक्रम ओळखता येत नाही. म्हणूनच ‘टाळेबंदी कोणी आधी केली?’ हा प्रश्न स्त्री-पुरुषभेदाच्या अभ्यासास फारसा उपयोगी नाही. भेद शोधावयाचा तो जेथे विवेकाधिकार शिल्लक राहिला आहे तेथेच शोधला पाहिजे.

ब्राझीलचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारो यांनी निर्बंधांची जाहीर अवहेलना केली. आणि सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२० मध्ये राज्यांचे व नगरपालिकांचे निर्बंध घालण्याचे अधिकार मान्य केले. त्यामुळे नगराध्यक्षांच्या हाती निर्णयाचे विस्तृत क्षेत्र आले. राफाएल ब्रूस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ च्या निवडणुकीतील अशी नगरे निवडली की, जेथे स्त्री व पुरुष उमेदवारांत अगदी थोड्या मतांच्या फरकाने निकाल लागला होता. अशा काठावरच्या निकालात कोण जिंकले हे बहुतांशी दैवाधीन असते, म्हणून ती नगरे इतर बाबतींत सारखी मानता येतात. स्त्री-नगराध्यक्ष असलेल्या नगरांत मृत्यू व रुग्णालयात दाखल होणाऱ्यांची संख्या कमी, आणि मुखपट्टीची सक्ती, जमावबंदी असे उपाय अधिक, असे त्यांना आढळले. राष्ट्राध्यक्षांना अधिक पाठिंबा देणाऱ्या नगरांत हा भेद अधिक ठळक होता. वरून मार्गदर्शन नसणे आणि आजूबाजूचा दबाव उलट दिशेचा असणे, या परिस्थितीत व्यक्तीचा अग्रक्रम उघडा पडतो. मात्र त्याच देशातील, तशाच पद्धतीच्या दुसऱ्या एका अभ्यासात, २०२० हे नगरपालिका-निवडणुकांचे वर्ष असल्यामुळे, हा भेद वर्षभर एकसारखा राहिला नाही आणि पुन्हा निवडून येण्याची आशा असलेल्या नगराध्यक्षांच्या बाबतीतच तो प्रकर्षाने दिसला. उत्तरदायित्वाचा धागा येथेही सुटत नाही.

विवेकाधिकाराचे दुसरे क्षेत्र म्हणजे भाषण. संकटात काय करावयाचे हे पुष्कळसे ठरलेले असते. परंतु संकट म्हणजे काय, हे सांगण्याची मोकळीक नेत्याला असते. सारा दादा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा स्त्रिया व दहा पुरुष अशा वीस शासनप्रमुखांची १२२ भाषणे तपासली. आर्थिक परिणामांविषयी दोघेही बोलले. परंतु व्यक्तीच्या जीवनावर होणारे परिणाम, मानसिक आरोग्य, व्यसने, घरातील हिंसाचार यांचे उल्लेख स्त्रियांच्या भाषणांत अधिक होते, आणि युद्धाची रूपके पुरुषांच्या भाषणांत अधिक होती. १६ मार्च २०२० रोजी फ्रान्सचे अध्यक्ष माक्राँ यांनी आपण युद्धात आहोत, असे राष्ट्राला पुन्हा पुन्हा सांगितले. दोनच दिवसांनी जर्मनीच्या मेर्केल यांनी केलेल्या भाषणात डॉक्टर व परिचारिकांबरोबरच दुकानांत गल्ल्यावर बसणाऱ्या आणि फडताळे भरणाऱ्या कामगारांचे आभार मानले गेले. दोन भाषणांवरून सिद्धान्त करता येत नाही. परंतु रणांगण आणि दुकानाचा गल्ला, या दोन प्रतिमांतून संकटाची दोन भिन्न चित्रे उभी राहतात. आणि जे चित्रात येते त्याचीच पुढे अंदाजपत्रकात तरतूद होते.

तिसरे आणि सर्वांत उपेक्षित क्षेत्र म्हणजे मुख्य उपायांच्या सोबतीने केलेले उपाय. घरे बंद झाली तेव्हा घरात कोण अडकले? शाळा बंद झाल्या तेव्हा मुलांना कोणी सांभाळले? संयुक्त राष्ट्रांच्या दोन संस्थांनी सप्टेंबर २०२० मध्ये २०६ देश व प्रदेशांच्या उपायांचा जो आढावा प्रसिद्ध केला, त्यानुसार स्त्रियांवरील हिंसाचार, बिनमोल घरकाम व संगोपन, आणि स्त्रियांची आर्थिक सुरक्षितता या तिन्ही बाबींसाठी काही ना काही उपाय करणारे देश केवळ २५ होते. ४२ देशांत या दृष्टीने एकही उपाय झालेला नव्हता. याच काळात ८७ देशांतील ११५ निर्णयकारी व तज्ज्ञ समित्यांची जी पाहणी झाली, तीत ८५ टक्क्यांहून अधिक समित्यांत पुरुषांचे बहुमत होते आणि स्त्री-पुरुषांची संख्या समसमान असलेल्या समित्या केवळ साडेतीन टक्के होत्या. या दोन आकड्यांत कार्यकारणभाव आहे असे सिद्ध झालेले नाही. परंतु ज्यांच्यावर संगोपनाचा भार पडतो ते ज्या खोलीत नसतात, त्या खोलीत संगोपनाचा विषय निघण्याची शक्यता किती, हे बीरभूम-उदयपूरच्या अनुभवावरून ताडता येते.

महाराष्ट्राला हा अनुभव नवीन नाही. १८९७ साली पुण्यातील प्लेगच्या वेळी रँड यांच्या अध्यक्षतेखाली जी समिती नेमली गेली, तीत एकही स्त्री नव्हती, आणि घरोघरच्या झडतीत सर्वांत मोठा क्षोभ स्त्रियांच्या तपासणीवरूनच उसळला. प्लेगच्या छावणीतील स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीचा प्रश्न पंडिता रमाबाईंनी त्या वर्षी ‘बॉम्बे गार्डियन’ या पत्रातून मांडला, आणि तो ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेला. मुंबईच्या गव्हर्नरांनी तक्रार फेटाळली. रोग आटोक्यात आणणे हा समितीचा अग्रक्रम होता, आणि तो चुकीचा नव्हता. परंतु तो अमलात येताना कोणावर काय गुदरते, हे पाहण्याची दृष्टीच समितीच्या रचनेत नव्हती. ती बाहेरून, आणि उशिरा आली.

६. खाते आणि व्यक्ती

संशोधन करू इच्छिणाऱ्यांनी आणखी एका सापळ्यापासून सावध राहिले पाहिजे. अनेक देशांत आरोग्य, शिक्षण, समाजकल्याण ही खाती स्त्रियांकडे सोपविण्याची प्रथा आहे. स्वतंत्र भारताच्या पहिल्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर (१९४७ ते १९५७) आणि पुढे डॉ. सुशीला नायर (१९६२ ते १९६७) ही आपल्याकडील उदाहरणे. केरळमध्ये २०१८ च्या निपाह साथीच्या वेळी आणि २०२० मध्येही आरोग्यमंत्रिपदी के. के. शैलजा होत्या. त्यांच्या कार्याची जगभर प्रशंसा झाली, परंतु २०२१ च्या नव्या मंत्रिमंडळात त्यांचा समावेश झाला नाही. आरोग्यमंत्री स्त्री असून तिने आरोग्यास अग्रक्रम दिला, तर तो तिचा अग्रक्रम की खात्याचा? आणि मुख्यमंत्री पुरुष असताना श्रेय कोणास द्यावे? याचा उलगडा केवळ पदाधिकाऱ्यांची यादी करून होत नाही. तुलना करावयाची ती एकाच पदावरील स्त्रिया आणि पुरुष यांची, आणि तीही सारख्या अधिकारक्षेत्रात.

या दृष्टीने आपल्या राज्यातील ग्रामपंचायतींचे दप्तर हे अभ्यासाचे समृद्ध साधन आहे. २०११ पासून महाराष्ट्रात पंचायत-संस्थांतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. २०२० व २०२१ या दोन वर्षांत मासिक सभांच्या इतिवृत्तांत कोणते विषय नोंदले गेले, कोणते ठराव झाले, विलगीकरणासाठी शाळेच्या इमारतीत कोणती सोय केली गेली, बाळंतिणींच्या प्रवासाची व्यवस्था झाली की नाही, हे गावोगावच्या कागदपत्रांवरून पाहता येईल. मात्र येथेही विवेकाधिकाराची कसोटी विसरता कामा नये. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानाचा मोठा भाग पाणी व स्वच्छता यांसाठीच बांधून दिलेला होता. त्या खर्चात स्त्री-सरपंच आणि पुरुष-सरपंच यांच्यांत भेद दिसला नाही, तर त्याचा अर्थ भेद नाही असा होत नाही. निवड करण्यास जागाच नव्हती, एवढाच होतो. बांधील निधी वगळून उरलेल्या रकमेवर दृष्टी ठेवली, तरच प्रश्नाचे उत्तर मिळण्याचा संभव आहे.

७. समारोप

वरील विवेचनाचे सार असे सांगता येईल. स्त्री आणि पुरुष लोकप्रतिनिधींच्या अग्रक्रमांत भेद असतो. परंतु तो जन्मजात नसून समाजातील श्रमविभागणीतून आलेला असतो, आणि म्हणून स्थळकाळाप्रमाणे त्याची दिशा बदलते. तो प्रत्यक्ष धोरणात उतरण्यासाठी सत्ता लागते, आणि टिकून राहण्यासाठी उत्तरदायित्व लागते. तीव्र संकटाच्या ऐन मध्यावर तो सर्वांत कमी दिसतो, कारण तेव्हा निवडीस वाव नसतो. संकटापूर्वीच्या संथ वर्षांत आणि संकटातील दुय्यम समजल्या जाणाऱ्या निर्णयांत तो सर्वांत अधिक दिसतो.

यातून एक व्यावहारिक निष्कर्षही निघतो, आणि तो २०२० च्या लोकप्रिय विधानाच्या विरुद्ध जातो. स्त्रियांच्या प्रतिनिधित्वाचे समर्थन ‘स्त्रिया साथ अधिक चांगली हाताळतात’ या पायावर उभे करणे धोक्याचे आहे. तसे केले तर पुढच्या साथीत एखादी स्त्री-नेता अपयशी ठरताच ते समर्थन कोसळेल, आणि तिच्या अपयशाचे माप सर्व स्त्रियांच्या पदरात घातले जाईल. पुरुष नेत्याच्या अपयशावरून पुरुषांनी राज्य करू नये असे कोणी म्हणत नाही. प्रतिनिधित्व हा हक्क आहे. तो गुणवत्तेचे बक्षीस नव्हे. त्या हक्काच्या वापरामुळे शासनाच्या दृष्टीस काही गोष्टी नव्याने पडतात : हंडा, पाळणा, बंद दारामागचा आक्रोश. त्या दृष्टीस पडल्यावर त्यांना अग्रक्रम द्यावयाचा की नाही, हा निर्णय पुन्हा राजकारणाचाच आहे. परंतु ज्या गोष्टी दिसतच नाहीत, त्यांच्याविषयी निर्णय घेण्याची वेळच येत नाही.